क्ष-किरणांवर पहारा कोणाचा?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा अणुऊर्जाविषयक नवा कायदा संमत केला, तेव्हा सभागृहात आणि सभागृहाबाहेर जो वादविवाद झाला तो प्रामुख्याने दोन प्रश्नांभोवती फिरला. अणुवीज निर्मितीचे दार खासगी भांडवलास उघडावे की नाही, हा एक; आणि उद्या अपघात झालाच तर नुकसानभरपाईचा भार कोणी व किती उचलावा, हा दुसरा. दोन्ही प्रश्न मोठे आहेत आणि त्यांची चर्चा झाली हे योग्यच झाले. परंतु नांदेडला किंवा लातुरास बसून हा वाद वाचणाऱ्या माणसाला तो दुसऱ्या गावच्या भांडणासारखा वाटला असल्यास त्याला दोष देता येणार नाही. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत अणुभट्टी नाही. तारापूरची भट्टी १९६९ पासून वीज देत आली ती अरबी समुद्राच्या काठी, आणि जैतापूरचे जे काही व्हावयाचे ते कोकणात. अणुऊर्जा खात्याचा आणि आमचा डोळ्यांना दिसेल असा संबंध एवढाच, की हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथाजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे. आणि तिच्यात तर किरणोत्सर्गाचा लवलेशही नाही!

तथापि जेथे अणुभट्टी नाही तेथे किरणोत्सर्गाचा प्रश्न नाही, हा समज मुळातच चुकीचा आहे, आणि या चुकीची किंमत अणुभट्टी नसलेल्या देशांनीच अधिक मोजली आहे. थायलंडमध्ये आजही अणुवीज नाही. तेथे बँकॉकलगतच्या समुत प्राकान येथे २००० साली कर्करोगावरील उपचाराचे एक जुने, निकामी ठरलेले कोबाल्ट यंत्र उघड्यावर पडून होते. भंगार गोळा करणाऱ्यांनी त्याचा शिशाचा गोळा फोडला, दहा माणसांना किरणांची जबर मात्रा बसली, आणि त्यांतील तिघे दगावले. पनामातही अणुवीज नाही. तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत २०००-२००१ मध्ये उपचाराची मात्रा संगणकावर मांडण्याच्या पद्धतीत चूक झाली, आणि अठ्ठावीस रुग्णांना बरे करण्यासाठी सोडलेल्या किरणांनीच होरपळून काढले. दोन्ही ठिकाणी भट्टीचा स्फोट नव्हता की भूकंप नव्हता. एके ठिकाणी कुलूप नव्हते, दुसऱ्या ठिकाणी पडताळणी नव्हती.

आपल्या घरचे उदाहरणही आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९७० च्या सुमारास एक कोबाल्टचे गॅमा-यंत्र घेतले होते. ते वापरणारे प्राध्यापक निवृत्त झाले, यंत्र १९८५ पासून पडून राहिले, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये ते इतर अडगळीबरोबर लिलावात काढण्यात आले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले. एका कामगाराचा बळी गेला, इतर अनेक जण रुग्णालयात पडले. कोबाल्टचे तेज सव्वापाच वर्षांत निम्मे होते; म्हणजे चाळीस वर्षांनी ते मूळच्या दोनशेव्या हिश्शाच्या आसपास उरले होते. त्या उरलेल्या हिश्शाने हा अनर्थ केला. देशातील एका मान्यवर विद्यापीठाच्या भांडारात आपल्याकडे काय आहे याची नोंद राहिली नव्हती, ही गोष्ट आम्हांस त्या मृत्यूइतकीच भयावह वाटते.

आता आपल्या शहराकडे यावे. नांदेडच्या डॉक्टर लेनमधून सकाळी अकराच्या सुमारास चालत गेल्यास किनवट, माहूर, मुखेड, देगलूरकडून आणि सीमेपलीकडच्या तेलंगणातून आलेली माणसे ओट्यांवर, जिन्यांच्या पायऱ्यांवर बसलेली दिसतात. प्रत्येकाच्या हाती एक प्लास्टिकची पिशवी असते आणि त्या पिशवीत ‘फोटो’ असतात. आमच्या भागात क्ष-किरण चित्राला फोटो हाच शब्द रूढ आहे. छातीचा फोटो, मणक्याचा फोटो, गुडघ्याचा फोटो. शब्द निरुपद्रवी आहे, आणि म्हणूनच किंचित फसवा आहे. कारण लग्नमंडपातला फोटोग्राफर माणसाच्या अंगातून आरपार काही पाठवीत नाही. लातुराची स्थिती निराळी नाही. औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर या तालुक्यांतील रुग्ण तेथे येतात. पूर्वी या भागातील कर्करुग्णाला मुंबईच्या परळचे टाटा रुग्णालय किंवा बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय एवढाच आधार होता. आता लातुरातच विवेकानंद रुग्णालयाने कर्करोगाच्या उपचारांची सोय केली आहे. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. सिटी स्कॅनची यंत्रे आहेत. दातांच्या दवाखान्यांत क्ष-किरणांची लहान यंत्रे आहेत. ही सारी प्रगती आहे, आणि तिच्याविषयी आम्हांस समाधानच वाटते. मराठवाड्यातील ज्या पिढीने साध्या हाडमोडीसाठी हैदराबाद वा सोलापूर गाठले, तिला या सुखसोयीचे मोल सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणून आरंभीच स्पष्ट करावयास हवे, की लोकांना घाबरविण्याचा आमचा हेतू नाही. छातीच्या एका फोटोत जी मात्रा मिळते ती सुमारे एक दशांश मिलिसीव्हर्ट किंवा त्याहून कमी असते. निसर्ग स्वतःच, मातीतून, हवेतून आणि आकाशातून, माणसाला वर्षाकाठी सरासरी अडीच मिलिसीव्हर्टच्या जवळपास देत असतो. अर्थात खोकला महिनाभर हटत नाही अशा माणसाने फोटोला भिऊन क्षय अंगावर काढणे हा शुद्ध वेडेपणा होईल. परंतु पोटाच्या एका सिटी स्कॅनमध्ये आठ-दहा मिलिसीव्हर्ट, म्हणजे छातीच्या शंभराच्या आसपास फोटोंइतकी मात्रा असते, हे किती जणांना ठाऊक असते? कामगारासाठी कायद्याने मर्यादा ठरविली आहे. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला वीस मिलिसीव्हर्ट. सामान्य नागरिकासाठी ती एक मिलिसीव्हर्ट आहे. रुग्णाला मात्र मर्यादाच नाही, कारण त्याच्या बाबतीत डॉक्टरचा विवेक हीच मर्यादा मानलेली आहे. ही व्यवस्था योग्यच आहे; आजारी माणसाच्या गरजेला आकड्याचे कुंपण घालता येत नाही. पण ती तेव्हाच योग्य ठरते जेव्हा त्या विवेकावर दुसरा कसला दाब नसतो.

आणि दाब असतो. गावातल्या डॉक्टरने काढलेला फोटो शहरातला डॉक्टर पाहत नाही, शहरातल्याचा फोटो मोठ्या रुग्णालयात चालत नाही, आणि त्या प्लास्टिकच्या पिशवीत आणखी एक भर पडते. कधी पहिला फोटो खरोखरच अस्पष्ट असतो. कधी मात्र त्यामागे ‘कट’ असतो, हे वैद्यकीय व्यवसायातील प्रामाणिक मंडळी स्वतःच खेदाने सांगतात. या प्रथेला आळा घालण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये एका कायद्याचा मसुदा केला होता. तो मसुदाच राहिला. कटाचा विचार आजवर आपण रुग्णाच्या खिशापुरता करीत आलो. तो त्याच्या शरीराच्याही हिशेबात धरावयास हवा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

देशात याविषयी कायदा नव्हता असे मुळीच नाही. अणुऊर्जा कायदा १९६२ चा. त्याच्या आधारे १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. २००४ साली किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे नियम झाले. क्ष-किरण यंत्र ठेवणाऱ्याने या मंडळाचा परवाना घ्यावा, यंत्राची चाचणी दर दोन वर्षांनी करून घ्यावी, खोलीची भिंत निदान नऊ इंची विटांची असावी, दाराला शिशाचा पत्रा असावा, काम करणाऱ्याच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला असावा. हे सारे लिहिलेले आहे, आणि चांगले लिहिलेले आहे. मग उणीव कोठे होती? ती भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या आपल्या अहवालात उघडी केली. देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी मंडळाकडे नोंदलेली केंद्रे होती केवळ ५,२७०. उरलेली ५२,१७३, म्हणजे शंभरातील एक्याण्णव, नोंदणीवाचून चालत होती. प्रत्येक राज्याने किरणोत्सर्ग सुरक्षेचे आपले स्वतंत्र संचालनालय स्थापन करावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला होता. अकरा वर्षांनंतर केरळासारख्या एखाद-दुसऱ्या राज्यातच ते अस्तित्वात आले होते. आणि शिक्षेचे म्हणाल, तर १९६२ च्या कायद्याखालील नियम मोडल्याबद्दल नियमांद्वारे करता येणाऱ्या दंडाची कमाल मर्यादा होती पाचशे रुपये! ज्या रकमेत आज एखाद-दुसरा साधा एक्स-रे निघतो, तेवढ्या रकमेचा धाक यंत्राच्या मालकास वाटावा अशी अपेक्षा कायदा करीत होता.

त्या अहवालानंतर मंडळ स्वस्थ बसले नाही, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. परवान्यासाठी संगणकावरून अर्ज करण्याची ‘ई-लोरा’ ही पद्धत सुरू झाली, नोंदणी झपाट्याने वाढली, आणि बिनपरवाना यंत्र विकता येऊ नये म्हणून विक्रेत्यांवरही बंधने आली. आता नव्या कायद्याने मंडळाला संसदेच्या कायद्याचे अधिष्ठान दिले आहे. यापूर्वीचे मंडळ शासनाच्या आदेशाने जन्मलेले आणि ज्या अणुऊर्जा आयोगाच्या उद्योगावर देखरेख ठेवावयाची त्याच आयोगाला उत्तरदायी असलेले होते. पहारेकऱ्याचा पगार वाड्याच्या मालकाने द्यावा तसा तो प्रकार होता. तो दोष काही अंशी दूर झाला असेल तर त्याचे स्वागतच आहे. २०११ मध्ये याच हेतूने आणलेले विधेयक २०१४ साली लोकसभेबरोबरच विरून गेले होते, हे ध्यानात घेता चौदा वर्षांनी का होईना एक पाऊल पुढे पडले.

परंतु अधिष्ठान दिल्लीत मिळाले म्हणून पहारा डॉक्टर लेनमध्ये उभा राहत नाही. मंडळाचे मुख्य कार्यालय मुंबईच्या अणुशक्तीनगरात आहे. प्रादेशिक केंद्रे चेन्नई, कोलकाता आणि दिल्ली येथे. नांदेडाहून मुंबई म्हणजे रात्रभराचा रेल्वेप्रवास. मूठभर निरीक्षकांनी हजारो दवाखान्यांत किती वेळा जावे? अणुभट्ट्या मोजक्या आहेत, त्यांच्यावर तज्ज्ञांची फौज लक्ष ठेवते. क्ष-किरण यंत्रे तालुक्यातालुक्यांत विखुरलेली आहेत. भट्टीसाठी उभी केलेली यंत्रणा दवाखान्यासाठी जशीच्या तशी पुरी पडणार नाही, हा या प्रश्नाचा खरा गाभा आहे, आणि तो दिल्लीच्या चर्चेत बाजूस राहिला.

यावर कोणी म्हणेल, की जिल्ह्याच्या पातळीवर इतक्या तांत्रिक गोष्टींची तपासणी होणे अशक्य आहे. त्यांनी सोनोग्राफीकडे पाहावे. गर्भलिंग निदान प्रतिबंधाचा कायदा १९९४ चा, त्याची कडक दुरुस्ती २००३ ची. त्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंद जिल्ह्यात आहे. जिल्हा शल्यचिकित्सक वा महापालिकेचा आरोग्याधिकारी हा समुचित प्राधिकारी आहे. प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा ‘एफ’ नमुना भरावा लागतो, यंत्र एका खोलीतून दुसरीकडे हलविण्यासही विचारावे लागते, आणि नियम मोडल्यास यंत्राला मोहोर लागते. मराठवाड्याने अशा मोहोरा डोळ्यांनी पाहिल्या आहेत. बीड जिल्ह्यातील प्रकरणांनी २०१२ मध्ये सारा महाराष्ट्र हादरला होता. आता विचित्र गोष्ट अशी, की सोनोग्राफीच्या यंत्रातून किरणोत्सर्ग होतच नाही. तो केवळ ध्वनीचा खेळ आहे. त्याचा दुरुपयोग समाजविघातक होता म्हणून शासनाने जिल्हापातळीवर पहारा बसविला, आणि तो बसविता येतो हे सिद्ध केले. मग शेजारच्याच खोलीतले यंत्र, जे खरोखर शरीराच्या पेशींवर आघात करते, त्याच्याविषयी त्याच शल्यचिकित्सकाला विचारण्याचा अधिकार व कर्तव्य का असू नये? एकाच इमारतीत एका दारावर मोहोर आणि दुसरे दार सताड उघडे, ही विसंगती कोणत्या शास्त्रात बसते?

त्या दुसऱ्या दाराआड काय घडते हे आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिलेले आहे. लहान मूल फोटोसाठी स्थिर राहत नाही, तेव्हा ‘जरा धरा हो बाळाला’ असे आईला सांगितले जाते. शिशाचा झगा भिंतीच्या खुंटीवर असतो. तो तिला घालावयास देण्याचे कोणाच्या मनात येत नाही. ती पुन्हा गरोदर आहे का, हे विचारावे असेही कोणाला वाटत नाही. यंत्र चालविणाऱ्या पोराला सहा-आठ महिन्यांच्या अनुभवावर काम मिळालेले असते, त्याचा बिल्ला टेबलाच्या खणात असतो, कारण तो हरवला तर पगारातून पैसे कापले जातील अशी त्याला भीती असते. बिल्ला दर तीन महिन्यांनी वाचला जातो. खणातल्या बिल्ल्याने अर्थातच सर्व काही आलबेल असल्याचा दाखला दिलेला असतो. सर्वच दवाखान्यांत असे घडते असे आम्ही म्हणत नाही. कित्येक डॉक्टर स्वतः दारात उभे राहून नातेवाइकांना बाहेर काढतात, हेही आम्ही पाहिले आहे. परंतु चांगले घडणे हे जर केवळ माणसाच्या चांगुलपणावर सोडावयाचे, तर मग कायदा हवा कशाला?

डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. मुखेडला किंवा किनवटला एक जुने यंत्र घेऊन अस्थिरोगाचा दवाखाना चालविणाऱ्या तरुण डॉक्टराला इंग्रजी अर्जाची पाने, खोलीचा आराखडा, चाचणीच्या दाखल्यासाठी मोठ्या शहरातून बोलवावा लागणारा माणूस आणि त्याचे शुल्क, हे सारे जड जाते. तो टाळाटाळ करतो ती नेहमीच बेफिकिरीने नव्हे. ही अडचण खरी आहे, आणि तिचा उपाय दंड वाढविणे हा नव्हे. नांदेडचे शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरचे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे क्ष-किरण विभाग आहेत. तेथे किरणोत्सर्ग भौतिकीचा एकेक जाणकार व मोजणीची उपकरणे दिली, त्या केंद्रांस मंडळाची मान्यता मिळवून दिली, तर तालुक्याच्या डॉक्टराला चाचणी माफक खर्चात जिल्ह्यातच होईल. खासगी रुग्णालयांची नोंदणी महाराष्ट्रात १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली होते. तिच्या नूतनीकरणाच्या वेळी यंत्राचा चालू परवाना आणि ताजा चाचणी-दाखला पाहिल्यावाचून शिक्का मारू नये. आणि तो परवाना मराठीत, रुग्णाला वाचता येईल अशा अक्षरांत, क्ष-किरण खोलीच्या दारावर लावावा. भाव-फलक लावता येतो, तर हा का लावता येऊ नये? एवढ्यासाठी संसदेत जाण्याचे कारण नाही. आरोग्य खाते आणि जिल्हा प्रशासन यांनी मनावर घेतल्यास पुरे आहे.

भंगाराचा प्रश्न मात्र निराळ्या जातीचा आहे आणि अधिक गंभीर आहे. क्ष-किरण यंत्राचा एक मोठा गुण असा, की वीज गेली की ते मुके होते. आणि मराठवाड्यात वीज जाण्याची वानवा नाही. किरणोत्सारी पदार्थाला मात्र भारनियमन लागू होत नाही. कोबाल्टची पेटी रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही, आपले काम करीत असते. वेल्डिंगचे सांधे तपासणारे कंत्राटदार इरिडियमचे लहानसे स्रोत घेऊन एका कामावरून दुसऱ्या कामावर जात असतात. असा स्रोत हरवला, विसरला किंवा चोरीस गेला, तर त्याचा शेवट बहुधा भंगाराच्या काट्यावर होतो. आणि मराठवाड्यातच, जालन्यात, भंगार वितळवून इमारतीच्या सळ्या करणारा मोठा उद्योग आहे. २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट आढळले, आणि त्या बटणांचे पोलाद भारतातून गेले होते. तेथे ते सापडले, कारण तेथे मोजणारा कोणी होता. घराच्या स्लॅबमध्ये गेलेली सळी कोण मोजणार? जालन्याच्या प्रत्येक भट्टीच्या फाटकावर किरणमापक असलाच पाहिजे, आणि ज्याच्याकडे असे भंगार येईल त्याने ते निमूटपणे शेजाऱ्याकडे न ढकलता कळविल्यास त्याला शिक्षा नव्हे तर साहाय्य मिळेल, अशी हमी शासनाने दिली पाहिजे. मायापुरीच्या भंगारवाल्याला आपण काय फोडीत आहोत हे ठाऊक नव्हते. नांदेडच्या भंगारवाल्याला तीन पाकळ्यांचे ते चिन्ह ओळखू येते का, हे पोलीस व महापालिका यांनी एकदा फिरून विचारावे.

क्षयरोगाच्या शोधमोहिमांत आता हाती धरावयाची क्ष-किरण यंत्रे खेड्यापाड्यांत नेली जात आहेत. तांड्यावर, वस्तीवर, शाळेच्या व्हरांड्यात फोटो निघू लागले आहेत. ज्या माणसाने आयुष्यात दवाखाना पाहिला नाही त्याच्यापर्यंत निदान पोहोचावे, यासारखी दुसरी चांगली गोष्ट नाही, आणि या यंत्रांची मात्राही थोडी असते. पण तेथे नऊ इंची भिंत नाही, शिशाचे दार नाही. तेथे संरक्षण म्हणून आहे ते केवळ अंतर, आणि ते अंतर राखण्यास सांगणारा कर्मचारी. भोवती जमलेल्या पोरांना किती पावले मागे उभे करावयाचे, हे त्या कर्मचाऱ्याला कोणी शिकविले आहे काय? नांदेड व लातूर येथील जिल्हा नियोजन समित्यांच्या पुढील बैठकांत पालकमंत्र्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांना तीनच गोष्टी विचाराव्यात. जिल्ह्यात क्ष-किरण व सिटी स्कॅनची यंत्रे किती, त्यांपैकी चालू परवाना किती जणांकडे, आणि किरण मोजण्याचे साधन शासनाच्या हाती आज कोठे ठेवलेले आहे. उत्तरे मिळाली की ती आम्ही याच पानावर छापू.